प्रतिजैविकांचे गायरान

पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जाणे, कुर्ल्यापासून घाटकोपरपर्यंतच्या सखल वस्त्यांत गुडघाभर पाणी साचणे आणि गाड्या बंद पडल्याने नोकरदारांनी त्या पाण्यातून वाट काढीत घर गाठणे, या गोष्टींचे उपनगरांतील माणसाला आता नवल वाटेनासे झाले आहे. या पाण्यात उंदीर, कुत्री आणि गुरे यांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायांवरील बारीकसारीक जखमांवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. त्या प्रलयानंतरच्या आठवड्यांत या रोगाची जी साथ आली, तिने सामान्य मुंबईकराला या अवघड नावाचा परिचय करून दिला. अलीकडील वर्षांत मोठा पाऊस झाला की महापालिकेचे आरोग्य खाते नागरिकांना याविषयी सूचना देते. ती सूचना बहुतेकजण वरवर वाचतात. परंतु ती बारकाईने वाचण्याजोगी आहे.

पाण्यातून केवळ एकदा चालत गेलेल्या आणि अंगावर जखम नसलेल्या प्रौढास डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा. जखमी पायांनी गेलेल्यास तीच मात्रा दिवसातून एकदा, तीन दिवस. आणि साफसफाईच्या कामामुळे या पाण्याशी वारंवार संबंध येणाऱ्यास आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, असे जोखमीचे तीन वर्ग या सूचनेत केलेले असतात. गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांच्यासाठी निराळे औषध सांगितलेले असते, कारण डॉक्सिसायक्लिनच्या जातीची औषधे वाढत्या दातांवर आणि हाडांवर परिणाम करू शकतात. औषध २४ ते ७२ तासांच्या आत, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, असेही त्यात बजावलेले असते. कोणता जंतू, कोणता माणूस, किती जोखीम, किती मात्रा आणि किती दिवस, या पाचही प्रश्नांची उत्तरे देऊन मगच गोळी हाती ठेवलेली आहे. प्रतिजैविक, म्हणजे ज्याला आपण बोलण्यात अँटिबायोटिक म्हणतो ते, कसे वापरावे याचा याहून सोपा वस्तुपाठ मिळणे कठीण.

याच पावसाळ्यात, याच उपनगरांत दुसरा व्यवहार चालू असतो. घसा धरतो, नाक वाहू लागते, अंग कसकसते. आणि स्टेशनबाहेरच्या औषधांच्या दुकानात जाऊन तीन गोळ्यांची पट्टी मागितली जाते. दुकानदार चिठ्ठी विचारीत नाही आणि गिऱ्हाईक दाखवीत नाही. साधे पडसे, इन्फ्लुएन्झा, डेंग्यू हे सारे विषाणूंचे आजार आहेत आणि प्रतिजैविके विषाणूंवर कसलाही परिणाम करीत नाहीत. पडसे आपल्या गतीने आठवड्यात ओसरते. त्याचे श्रेय मात्र गोळीला मिळते. पुढच्या वेळी तीच गोळी शेजाऱ्याला सुचविली जाते. वरच्या पाच प्रश्नांपैकी एकही प्रश्न येथे कोणी विचारलेला नसतो.

यात बिघडले काय, असे विचारले जाते. पैसे माझे, शरीर माझे. फार तर एक गोळी वाया गेली. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या वैद्यकीय विषयात बोलण्याचे प्रयोजन नेमके येथेच निर्माण होते. कारण हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच सामाईक मालमत्तेचा आहे.

आपल्या शरीरात, विशेषतः आतड्यांत, कोट्यवधी जंतू वास करून असतात. प्रतिजैविक पोटात गेले की त्याला बळी पडणारे जंतू मरतात आणि योगायोगाने ज्यांच्यात त्या औषधाला तोंड देण्याची शक्ती असते ते उरतात. उरलेल्यांना मोकळे रान मिळते व त्यांची वीण वाढते. जंतूंची एक पिढी काही वेळा अर्ध्या तासात पुरी होते. शिवाय ही शक्ती एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूंना देऊ शकतात. म्हणजे घशासाठी घेतलेल्या अनावश्यक गोळीने आतड्यांत प्रतिकारक जंतू पोसले जातात आणि पुढे तेच मूत्रमार्गात किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरून उपद्रव करतात. ज्याने गोळी घेतली त्याला, किंवा ज्याने ती कधी पाहिलीही नाही अशा दुसऱ्याला. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच हा इशारा दिला होता. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात, आणि मग त्यांची लागण इतरांना होते, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते.

गावच्या गायरानाची रीत आपल्याला ठाऊक आहे. चरण्याचा हक्क सर्वांचा असतो. एखाद्याने चार गुरे अधिक सोडली तर त्यांचे सगळे दूध त्याच्या घरी जाते. कुरण खुरटते त्याचा तोटा मात्र साऱ्या गावात वाटला जातो. प्रत्येकाने हाच हिशोब केला की गायरान उजाड होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली आपल्या गाजलेल्या निबंधात हीच मीमांसा मांडली. औषधांची परिणामकारकता हे असेच एक गायरान आहे. गोळीच्या पट्टीवर छापलेल्या किमतीत कारखान्याचा खर्च असतो, दुकानदाराचा नफा असतो, कर असतो. परंतु त्या गोळीमुळे औषधाची जी शक्ती खर्ची पडते तिची किंमत त्यात धरलेली नसते. ती किंमत पुढे कोणीतरी तिऱ्हाईत भरतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. किंमत चुकीची असली की खप चुकीचा होतो, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे.

हा तिऱ्हाईत कोण, हे मुंबईने पाहिले आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी उपलब्ध अशा कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले आणि २०१२ च्या जानेवारीत ही बातमी जगभर गेली. या रोगाला कोणते नाव द्यावे यावर सरकारी पातळीवर वाद झाला. नाव बदलल्याने रुग्णांचे दुखणे मात्र बदलले नाही. त्या आधीच, २०१० साली, डॉ. उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील १०६ खाजगी डॉक्टरांना क्षयाची औषधयोजना लिहावयास सांगून पाहिले होते. या १०६ जणांनी मिळून ६३ निरनिराळ्या योजना लिहिल्या आणि त्यांतील केवळ सहा जणांची योजना बरोबर निघाली. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची योग्य योजना तर अवघ्या तिघांना लिहिता आली. दोन दशकांपूर्वीच्या अशाच एका पाहणीत दिसलेल्या चित्रात फारसा फरक पडलेला नव्हता.

येथे वाचक म्हणेल की क्षय वेगळा आणि घशासाठी घेतलेली गोळी वेगळी. दुर्दैवाने तसे नाही. लेव्होफ्लॉक्सासिन हे औषध खोकल्यावर सर्रास घेतले जाते. ते क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी चालते. त्यामुळे खोकला थोडा उतरतो, रुग्णाला बरे वाटते, निदान लांबते. आणि एकट्या औषधाशी गाठ पडलेले क्षयजंतू त्याच्याशी झुंजण्यास शिकतात. प्रतिकारक क्षयावर सहा महिन्यांत उपचार पुरा करणारी जी नवी औषधयोजना केंद्र सरकारने २०२४ साली मान्य केली, तिच्या चार औषधांपैकी एक मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे, म्हणजे लेव्होफ्लॉक्सासिनचे सख्खे भावंड. त्यापूर्वी अशा रुग्णाला दीड-दोन वर्षे औषधे घ्यावी लागत आणि त्यांतील काही इंजेक्शनांनी कायमचे बहिरेपण येत असे. इतक्या कष्टाने हाती आलेले शस्त्र आपण खोकल्याच्या गोळीसारखे बोथट करीत आहोत. प्रतिकारक क्षय पसरण्यास दाट वस्त्या, अर्धवट उपचार आणि गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींसारख्या हवा व उजेड यांना पारख्या इमारती हीही कारणे आहेतच. परंतु आज अशा क्षयाच्या बहुसंख्य नव्या रुग्णांना हा रोग दुसऱ्याकडून, प्रतिकारक रूपातच लागतो. ज्याने आयुष्यात चुकीची गोळी घेतली नाही, तो दंड भरतो.

हा दंड केवळ क्षयापुरता नाही. प्रतिकारक जंतूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार आणि भारतात सुमारे तीन लाख मृत्यू ओढवले, असा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज आहे. बाळंतपण, सांधा बदलणे, कर्करोगावरील उपचार, अकाली जन्मलेल्या अर्भकाचे संगोपन, हे सारे आधुनिक वैद्यक प्रतिजैविकांच्या आधारावर उभे आहे. तो आधार ढळला की केवळ एक औषध निकामी होत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याचे धैर्यच संपते.

दोष कोणाचा, असे विचारले की डॉक्टर दुकानदाराकडे बोट दाखवितात, दुकानदार गिऱ्हाइकाकडे आणि गिऱ्हाईक डॉक्टरांच्या फीकडे. यांतील प्रत्येकजण आपापल्या परीने शहाणपणानेच वागत असतो, ही यातील खरी अडचण आहे. दोन दिवसांत गुण आला नाही तर रुग्ण समोरच्या दवाखान्यात जाईल, ही धास्ती डॉक्टरला असते. मी नाही म्हटले तर पुढचा दुकानदार देईल, हे केमिस्ट जाणून असतो. रोजंदारीवरील माणसाचा एक दिवस बुडाला तर चूल अडते. कारकुनाची किरकोळ रजा संपलेली असते, शिक्षकाला परीक्षेचे काम असते, विद्यार्थ्याचा पेपर दुसऱ्या दिवशी असतो. जंतू कोणता हे ओळखण्यासाठी लघवी वा रक्त यांचे संवर्धन करून पाहण्यास दोन-तीन दिवस लागतात आणि त्याचा खर्च बहुधा गोळ्यांच्या पट्टीहून अधिक असतो. अशा स्थितीत केवळ उपदेशाने गायरान वाचत नाही. गुरे राखण्याची व्यवस्था करावी लागते.

व्यवस्था कागदावर आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट एचप्रमाणे प्रतिजैविके चिठ्ठीविना विकता येत नाहीत. २०१३ साली काढलेल्या आणि १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या परिशिष्ट एच-१ मध्ये लेव्होफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, मेरोपेनेम यांसारखी राखून वापरावयाची प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे घातली गेली. ती विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळ्या नोंदवहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपली पाहिजे, असा दंडक आहे. २०१६ साली पट्टीवरील उभ्या लाल रेषेचा अर्थ लोकांना समजावून देण्याची मोहीम निघाली. पशुपालनात कोलिस्टिन या अखेरच्या औषधाच्या वापरावर २०१९ साली बंदी आली. केरळने २०२४ च्या प्रारंभी चिठ्ठीविना होणारी विक्री पकडण्यासाठी खास तपासणी मोहीम सुरू केली आणि त्यात नागरिकांनाही सहभागी करून घेतले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला असे करण्यास कोणाचीही आडकाठी नाही. नोंदवह्या आहेत की नाहीत हे पाहण्यापेक्षा त्यांतील नोंदी आणि दुकानातील खरेदी यांचा मेळ बसतो की नाही हे पाहिले, तर पुष्कळ काही उघड होईल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. चिठ्ठीची सक्ती केली तर ज्यांना डॉक्टर परवडत नाही त्या गरिबांना खऱ्या आजारातही औषध मिळणार नाही. आपल्या देशात अनावश्यक औषधाइतकेच आवश्यक औषध न मिळाल्यानेही लोक मरतात, हे नाकारता येणार नाही. म्हणून दुकानावरची सक्ती आणि दवाखान्याचे दार या दोन गोष्टी एकत्रच आल्या पाहिजेत. घाटकोपरला राजावाडी आहे, मुलुंडला अगरवाल रुग्णालय आहे, पश्चिम उपनगरांना कूपर आहे. प्रभागांतून महापालिकेचे दवाखाने आहेत आणि २०२२ पासून त्यांत 'आपला दवाखाना' या योजनेची भर पडली. नोकरदार घरी परततो त्या संध्याकाळच्या वेळी हे दवाखाने चालू असणे, तेथे साध्या चाचण्या विनामूल्य होणे आणि प्रत्येक विभागातील जंतूंवर कोणती औषधे अजून चालतात याची माहिती तेथील खाजगी डॉक्टरांनाही वर्षातून एकदा मिळणे, या तीन गोष्टी झाल्या तर आक्षेपातील बरेचसे बळ निघून जाईल. पुरानंतर डॉक्सिसायक्लिन पुरविण्याबाबत जे महापालिकेला सुचते, ते एरवीच्या तापाबाबत का सुचू नये?

सामाईक मालमत्ता उजाड होणे हा काही विधिलिखित नियम नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते, लोक स्वतःच नियम करून सामाईक साधने पिढ्यान् पिढ्या कशी राखतात, हे दाखविल्याबद्दल. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातील पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धतीने शतकानुशतके पाणी वाटले गेले. तेथे शेतकरी स्वतःच्या हाताने पाट फोडीत नसे. गावाने नेमलेला पाटकरी ठरल्या क्रमाने प्रत्येकाच्या शेताला पाणी देई. औषधाच्या व्यवहारात चिठ्ठी हा तो क्रम आहे आणि केमिस्ट हा पाटकरी. पाटकऱ्यानेच पाट फोडून दिला तर शेवटच्या शेताला पाणी पोहोचत नाही.

नागरिकाने करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या निक्षून पाळल्या पाहिजेत. स्वतःहून प्रतिजैविक मागू नये, आणि डॉक्टरने लिहिले नाही तर त्याला कमी लेखू नये. लिहिले तर ते कोणत्या आजारासाठी आणि किती दिवस, हे विचारावे. पूर्वी कधी पेनिसिलिन वा सल्फाने अंगावर पुरळ उठले असेल, गर्भारपण असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, दुसरी औषधे चालू असतील, तर ते आधी सांगावे. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावे, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये; आम्लपित्ताची औषधे आणि लोहाच्या गोळ्या त्याचे शोषण घटवितात, म्हणून त्यांत अंतर ठेवावे. चेहरा सुजला, श्वास लागला किंवा जुलाब आवरेनासे झाले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. बरे वाटले म्हणून क्षयाचे औषध मध्येच सोडू नये. इतर अनेक संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असे आता दिसून आले आहे. परंतु किती कमी, हे डॉक्टरने ठरवावे, आपल्या कंटाळ्याने नव्हे. उरलेल्या गोळ्या कपाटात साठवू नयेत आणि शेजारधर्म म्हणून वाटू नयेत. पुराच्या पाण्यातून आल्यावर पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर दुकानाऐवजी दवाखान्यात जावे आणि पाण्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगावे.

नवी औषधे येतील आणि आपली सुटका होईल, ही आशाही फार ताणू नये. नवे प्रतिजैविक निघाले की ते जपून, क्वचितच वापरावयाचे असते. म्हणजे त्याचा खप जितका कमी, तितका समाजाचा लाभ अधिक आणि कारखानदाराचा तोटा मोठा. अकाओजेन या अमेरिकन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला २०१८ साली मंजुरी मिळाली आणि २०१९ साली कंपनीचे दिवाळे निघाले. बाजार हे काम एकट्याने करू शकत नाही, याचा हा रोकडा पुरावा आहे. हे आपल्या राज्यकर्त्यांना एके काळी उमगले होते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे सरकारी पैशाने पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, तो या औषधावर साऱ्या समाजाचा हक्क आहे या जाणिवेतून. त्या पिढीपुढे औषध सर्वांपर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न होता. आपल्यापुढे त्याच्या जोडीला ते पुढच्या पिढीसाठी शिल्लक ठेवण्याचा प्रश्न आहे. अन्न व औषध प्रशासनाने नोंदवह्या उघडाव्यात, महापालिकेने दवाखाने संध्याकाळी उघडे ठेवावेत आणि शिकल्यासवरलेल्या आपण सर्वांनी चिठ्ठीशिवाय पट्टी मागणे सोडावे. ज्या घरात वर्तमानपत्र वाचले जाते, त्या घराला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.